लांब उडीच्या तक्त्यात काय लिहिलेले नसते?

लांब उडीचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भरलेला असतो. डावीकडे अनुक्रमांक आणि नाव, मग इयत्ता, मग तीन उड्यांचे तीन रकाने आणि शेवटी 'सर्वोत्तम'. पाय फळीपुढे गेला तर रकान्यात फुली. स्पर्धा संपली की शेवटच्या रकान्यावरून पहिले तीन क्रमांक काढायचे आणि तक्ता फायलीत लावायचा. पंचांच्या कामासाठी हा तक्ता अगदी योग्य आहे. त्यात बदल करावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. हाच तक्ता, हीच टेप आणि मोजण्याची हीच रीत आपण सरावाच्या तासालाही वापरतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतल्या शाळांमधले सरावाचे तास आम्ही पाहत आलो आहोत. बहुतेक ठिकाणी क्रम सारखाच असतो. मुलगी धावत येते, उडी मारते, वाळूतून उठते. दोन मुले टेप धरतात. सर आकडा मोठ्याने सांगतात आणि सोबत एखादे वाक्य जोडतात : 'जोर लाव', 'उंच उडी घे', 'पाय पुढे टाक', 'मागच्या वेळी बरी होती'. मुलगी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. तिला आता आपल्या उडीविषयी काहीतरी समजले आहे, असे आपण गृहीत धरतो. बी.एड.च्या पुस्तकांत याला प्रत्याभरण म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका आहे : केलेल्या कृतीची माहिती करणाऱ्याकडे अशी परत यावी, की पुढची कृती तिच्या आधाराने सुधारता येईल. प्रश्न असा, की टेपवरचा आकडा ही अट पूर्ण करतो का?

एक उदाहरण घेऊ. समजा, आठवीतल्या एका मुलाने तीन उड्या मारल्या आणि तक्त्यात ३.४२ मीटर, फुली, ३.३८ मीटर अशी नोंद झाली. तक्ता वाचून आपण काय म्हणू? पहिली उडी चांगली, दुसरी वाया गेली, तिसरी जवळजवळ पहिल्याइतकीच. आता याच उड्यांच्या वेळी कोणीतरी फळीच्या बाजूला बसून, मुलाच्या बुटाचे टोक फळीच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर पडले, एवढेच टिपले असते तर? पहिल्या उडीत बूट ३१ सें.मी. मागे होता, दुसऱ्यात ६ सें.मी. पुढे गेला, तिसऱ्यात ८ सें.मी. मागे होता. म्हणजे मुलाने हवेतून खरोखर कापलेले अंतर पहिल्या वेळी ३.७३ मीटर आणि तिसऱ्या वेळी ३.४६ मीटर. तक्त्यानुसार या दोन उड्यांत चार सें.मी.चा फरक आहे, प्रत्यक्षात सत्तावीस सें.मी.चा. दुसऱ्या उडीचे अंतर तर कोणी मोजलेच नाही, कारण ती फाऊल होती. ती तिघांत सर्वांत लांब असू शकते.

याचे कारण नियमातच आहे. लांब उडीचे अंतर उडी जिथून मारली तिथून मोजत नाहीत. फळीच्या पुढच्या कडेची जी रेषा आहे, तिच्यापासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंतचे काटकोनातले अंतर मोजतात. फळी २० सें.मी. रुंद असते. पाय तिच्यामागे पडला तर तेवढे अंतर हिशेबातून वजा होते, पुढे गेला तर उडीच बाद. स्पर्धेत हे न्याय्य आहे, कारण वेगाने धावत येऊन नेमक्या जागी पाय टाकणे हे लांब उडीतले एक मुख्य कौशल्य आहे. पण नियमाने दोन कौशल्ये एका आकड्यात मिसळली आहेत : पाय नेमका टाकणे आणि लांब जाणे. शिकणाऱ्याला त्यातले कोणते कमी पडले, हे त्या आकड्यातून कळण्याचा मार्ग नाही. गणित आणि भाषेचे गुण एकत्र करून मुलाला '११४' एवढेच सांगावे, तसे हे आहे.

आणखी एक गोष्ट यापेक्षाही काळजीची आहे. तिसऱ्या उडीत पाय फळीच्या इतका जवळ कसा पडला? बहुधा शेवटची तीन-चार पावले बारीक करून, वेग मारून. अशा मुलाला आपण 'शाबास, फळी सापडली' म्हणतो आणि आकडाही फारसा पडलेला नसतो. म्हणजे वेग मारण्याच्या सवयीला आपण आणि आपली टेप, दोघे मिळून शाबासकी देतो. पहिल्या उडीत वेग टिकवलेल्या मुलाला मात्र काही विशेष केल्याची जाणीव कोणी करून दिलेली नसते.

वेगाची किंमत किती?

वेगाला इतके महत्त्व का, हे पदार्थविज्ञानाच्या साध्या हिशेबाने वर्गात दाखवता येते. नववी-दहावीच्या मुलांनी तो जरूर करावा. समजा, मूल जमीन सोडताना त्याचा आडवा वेग सेकंदाला ५.५ मीटर आणि उभा वेग २.२ मीटर आहे. शरीराचा गुरुत्वमध्य उडताना जमिनीपासून १ मीटर उंच आणि पाय वाळूला टेकताना ०.६ मीटर उंच आहे. २.२ मीटर वेगाने वर जाणारी वस्तू सुमारे ०.२२ सेकंदात थांबते. तेवढ्यात ती सुमारे २५ सें.मी. चढलेली असते. मग ती १.२५ मीटरवरून ०.६ मीटरवर येते, त्याला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. हवेत एकूण ०.५९ सेकंद. तेवढ्या वेळात ५.५ मीटर वेगाने ३.२३ मीटर अंतर जाते. उडताना गुरुत्वमध्य बुटाच्या टोकाच्या जेवढा पुढे असतो आणि उतरताना टाचा त्याच्या जेवढ्या पुढे असतात, ते अंतर यात मिळवले की साधारण ३.९ मीटरची उडी होते.

आता बाकी सर्व तसेच ठेवून आडवा वेग ६ मीटर करा. हवेतले अंतर ३.५३ मीटर होते, म्हणजे सरळ ३० सें.मी.ची भर. आडवा वेग न बदलता उभा वेग २.२ वरून २.५ केला, तर सुमारे २८ सें.मी.ची भर पडते. आणि पाय फळीच्या २५ सें.मी. मागे पडला, तर तोटा बरोबर २५ सें.मी.चा. तिन्ही आकडे एकाच मापाचे आहेत. म्हणूनच टेपवर ३० सें.मी. कमी दिसले की त्याचे कारण या तिघांपैकी कोणते, हे आकडा सांगू शकत नाही. 'उंच उडी घे' असे सांगितलेल्या मुलाचा प्रश्न कदाचित वेगाचा असेल, किंवा फक्त पावलांचा.

या हिशेबात उडीचा कोन सुमारे २२ अंश येतो. यावर हुशार विद्यार्थी हटकून विचारतो : पुस्तकात तर ४५ अंशांना अंतर सर्वांत जास्त, मग लांब उडीवाले २० अंशांच्या आसपास का उडतात? प्रश्न चांगला आहे. ४५ अंशांचा नियम फेकण्याचा वेग कोनावर अवलंबून नसेल तेव्हा लागू पडतो (शिवाय उडणे आणि उतरणे एकाच पातळीवर असावे लागते). माणसाचे तसे नाही. ४५ अंशांनी उडायचे तर आडवा आणि उभा वेग सारखा हवा. एका पायाच्या एका रेट्यात सेकंदाला साडेतीन-चार मीटरहून जास्त उभा वेग जगातल्या उत्तम खेळाडूंनाही मिळत नाही. मग आडवा वेगही तेवढाच कमी करावा लागेल आणि सगळी धाव फुकट जाईल.

'जोर लाव' म्हणजे काय?

आता टेपसोबत येणाऱ्या वाक्यांकडे वळू. मानसशास्त्रात या विषयावरचे काम जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाईक यांनी १९३०च्या सुमारास लोकांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेषा काढायला सांगितल्या. रेषा किती चुकली हे न कळता त्यांनी शेकडो रेषा काढल्या, तरी सुधारणा झाली नाही. नुसत्या सरावाने हात बसतो, या समजुतीला तो पहिला मोठा धक्का होता. १९३२मध्ये ट्रोब्रिज आणि केसन यांनी हाच प्रयोग पुढे नेला. त्यांनी चार गट केले. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेषेनंतर अर्थहीन अक्षरे ऐकवली. तिसऱ्याला फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हटले. चौथ्याला रेषा किती जास्त अथवा किती कमी झाली, ते मोजून सांगितले. चौथा गट सर्वांत पुढे गेला, त्याच्यामागे तिसरा. अर्थहीन अक्षरे ऐकणाऱ्यांना त्यांचा काही उपयोग झाला नाही.

'जोर लाव' हे वाक्य यांपैकी कोणत्या गटात बसते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. आमच्या मते ते दुसऱ्या गटाच्या फार जवळ जाते. मुलाने जोर लावलेलाच असतो. कुठे, केव्हा आणि कशाने, हे त्याला हवे असते.

पण मग प्रत्येक उडीनंतर सगळे मोजून सांगितले की झाले, असेही नाही. १९९०मध्ये विन्स्टीन आणि श्मिट यांनी हाताच्या एका हालचालीवर प्रयोग केले. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, तर काहींना निम्म्याच प्रयत्नांनंतर. नंतर निकाल न सांगता चाचणी घेतली, तेव्हा निम्म्या वेळा निकाल ऐकलेल्यांना हालचाल अधिक चांगली आठवत होती. श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे स्पष्टीकरण आधीच मांडले होते : सतत मिळणारा निकाल कुबडीसारखा होतो. शिकणारा स्वतःच्या अंगाकडून येणाऱ्या खुणा वाचणे सोडतो आणि बाहेरच्या आवाजाची वाट पाहतो. अशा प्रयोगांची अलीकडे फेरतपासणी झाली, तेव्हा हा फायदा आधी वाटला होता तेवढा मोठा आणि सार्वत्रिक नाही, असे दिसले. त्यामुळे 'निम्म्या वेळाच सांगा' असा कायदा आम्ही करणार नाही. आमच्या तासासाठी त्यातून एवढेच घ्यावे : प्रत्येक उडी मोजलीच पाहिजे, अशी सक्ती नाही.

हे शिक्षकांच्या सोयीचेही आहे. पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास घ्या. टेप ताणणे, वाचणे, लिहिणे, वाळू सारखी करणे यांना एका उडीमागे पाऊण मिनिट लागले, तरी पन्नास उड्यांना साडेसदतीस मिनिटे होतात. म्हणजे तासात प्रत्येक मुलाची एकही उडी धड पूर्ण होत नाही. दोन सत्रांत भरणाऱ्या, मैदानावर पाळीपाळीने उतरणाऱ्या आपल्या उपनगरी शाळांत हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. टेपमुळे मुलांच्या उड्या कमी होतात आणि रांगेत उभे राहणे वाढते.

बोलण्याचा आणखी एक भाग आहे. क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६मध्ये प्रत्याभरणावरच्या जुन्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने प्रत्याभरणाचा फायदा होतो, हे दिसलेच. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणामुळे कामगिरी उलट खालावली होती. त्यांचा अर्थ असा, की जे बोलणे लक्ष कामावरून काढून करणाऱ्याच्या स्वतःवर नेते, त्याने काम बिघडते. 'तुझ्यात दमच नाही' हे तसे बोलणे आहे. 'तू तर आपली चॅम्पियन' हेही तसेच, हे मात्र आपल्याला सहज पटत नाही. आपल्या मैदानावर ही वाक्ये सगळ्या वर्गासमोर, मोठ्या आवाजात म्हटली जातात. सहावी-सातवीतल्या मुली लांब उडीच्या रांगेतून एकेक करून का गळतात, याचे सगळे उत्तर यात नसेल, पण थोडे नक्कीच आहे.

लक्ष कुठे ठेवायला सांगावे, यावर उडीचाच एक प्रयोग आहे. २०१०मध्ये पोर्टर आणि सहकाऱ्यांनी १२० विद्यार्थ्यांना जागेवरून लांब उडी मारायला लावली. काहींना सांगितले, 'गुडघे शक्य तितक्या वेगाने ताठ करा.' काहींना सांगितले, 'सुरुवातीच्या रेषेपासून शक्य तितके लांब जा.' दुसऱ्या गटाच्या उड्या सरासरीने सुमारे १० सें.मी. जास्त भरल्या. या प्रकारच्या निष्कर्षांवरही आता वाद आहेत आणि आकडा शब्दशः घेऊ नये. पण गुडघा, कंबर, हात यांची यादी ऐकून गोंधळलेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. खड्ड्याच्या बाजूला रंगीत फडके बांधून 'त्याच्या पलीकडे पाय टाक' म्हणणे, हा करून पाहण्यासारखा उपाय आहे.

फळीपर्यंतची पावले

आता पुन्हा फळीकडे. पाय नेमका कसा पडतो? पूर्वी शिकवत असत, की धाव ठरलेली असावी : इतकी पावले, प्रत्येक पाऊल सारखे, आणि फळीकडे पाहायचे नाही. १९८२मध्ये एडिंबरोच्या डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी लांब उडीच्या खेळाडूंची प्रत्यक्ष पावले फिल्मवर घेऊन मोजली. धाव जसजशी पुढे जाते, तसतसा प्रत्येक खेपेच्या पावलांच्या जागांमधला फरक वाढत जातो आणि अनुभवी खेळाडूच्या बाबतीतही तीस-पस्तीस सें.मी.पर्यंत पोहोचतो. मग शेवटच्या काही पावलांत तो झपाट्याने घटतो आणि फळीवर दहा सें.मी.च्या आत येतो. याचा अर्थ, खेळाडू डोळ्यांनी फळी पाहूनच शेवटची पावले जुळवतो. पावले मोजून काढलेली खूण उपयोगी असते, पण शेवटचे काम डोळ्यांचे आहे.

आपल्या मुलांना ही गोष्ट नवीन नाही. गोलंदाजी करणारा मुलगा क्रीजपाशी हेच करतो. खो-खोत खांब गाठणारी मुलगी हेच करते. घाटकोपरच्या पुलाच्या पायऱ्या गर्दीत चढणारा प्रत्येक जण पहिल्या पायरीआधी दोन पावले नकळत लहान-मोठी करतो. कौशल्य मुळात आहे. ते पूर्ण वेगात, वेग न मारता वापरायला शिकायचे आहे. त्यासाठी मुलाला एकच माहिती हवी असते : माझा पाय कुठे पडला? नेमकी तीच तक्त्यात नसते.

ही माहिती देण्याची युक्ती नियमांच्याच पुस्तकात सापडते. अपंगांच्या अॅथलेटिक्समध्ये टी-११ आणि टी-१२ या अंध व अंशतः दृष्टिहीन खेळाडूंच्या गटांत फळीऐवजी एक मीटर लांब आणि १.२२ मीटर रुंद असा पट्टा असतो. त्यावर भुकटी पसरलेली असते. खेळाडूचा पाय पट्ट्यात जिथे उमटतो, तिथून वाळूपर्यंतचे अंतर मोजतात. टी-११मध्ये खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते. एक सहकारी टाळ्या वाजवून किंवा हाका मारून त्याला दिशा देतो आणि खेळाडू त्या आवाजाच्या रोखाने धावतो. काय सांगायचे, किती सांगायचे आणि केव्हा थांबायचे, याचा इतका काटेकोर नमुना दुसरा क्वचितच मिळेल. तो सहकारी 'जोर लाव' म्हणत बसला तर खेळाडू धावपट्टीच्या बाहेर जाईल.

२०२४मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनेही असाच पट्टा सर्वांसाठी आणण्याचा विचार मांडला. २०२३च्या बुडापेस्ट स्पर्धेत जवळजवळ एक तृतीयांश उड्या बाद ठरल्या होत्या, हे त्यामागचे एक कारण. अनेक नामवंत खेळाडूंनी कडाडून विरोध केला : फळीवर पाय टाकणे हाच या खेळाचा अवघड भाग, तोच काढला तर उरले काय? स्पर्धेपुरते आम्ही खेळाडूंच्या बाजूचे आहोत. पण आठवीच्या मुलाच्या सरावाला हा युक्तिवाद लागू होत नाही.

फळीच्या संदर्भात जेसी ओवेन्स आणि लुट्झ लाँग यांची गोष्ट आठवतेच. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत ओवेन्सच्या उड्या बाद होत होत्या. तेव्हा त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी लाँग त्याला म्हणाला, 'फळीच्या अलीकडूनच उडी मार, तुझ्याकडे अंतर भरपूर आहे.' ही गोष्ट ओवेन्सने स्वतः अनेकदा सांगितली, पण ती तशी घडली का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. दोघांची मैत्री मात्र खरी होती. गोष्टीतला सल्ला तेवढा लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात धीरही आहे आणि पाय कुठे टाकायचा, हेही आहे.

तासाला काय करता येईल?

फळीच्या जागी, तिच्यामागे, रांगोळीने किंवा चुन्याच्या भुकटीने ६० ते ८० सें.मी. लांबीचा पट्टा आखावा. पाय पट्ट्यात कुठेही पडला तरी उडी मान्य. एक मूल बाजूला बसून बुटाच्या टोकाची खूण पाहते. खड्ड्याच्या कडेला दर २० सें.मी.वर खुंट्या किंवा विटांचे तुकडे ठेवले, तर टेपशिवायही उतरल्याची जागा कळते. उडी मारणाऱ्याने मागे वळण्याआधी स्वतःचा अंदाज सांगायचा : पाय कुठे पडला, उतरलो कुठे. मग बसलेले मूल खरे काय ते सांगते. आमच्या मते या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हा आधी सांगितलेला अंदाजच आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दर खेपेला अंतर कमी होत गेले, तर ते मूल शिकत आहे, मग आकडा आज वाढो न वाढो. मोजण्याची टेप तीन-चार उड्यांनंतर एकदा काढावी, आणि तीही बुटाच्या खुणेपासून.

वेग मोजायला आता मोबाइल पुरतो. पट्ट्याच्या आधीच्या पाच मीटरांच्या दोन्ही टोकांना खुणा ठेवाव्यात, बाजूने चित्रण करावे आणि छातीने दोन खुणा ओलांडण्याच्या दरम्यानची चित्रे मोजावीत. सेकंदाला ३० चित्रे असतील आणि २५ चित्रांत पाच मीटर गेले, तर वेग सेकंदाला ६ मीटर. २७ चित्रे लागली तर सुमारे ५.५६ मीटर. एका चित्राची चूक म्हणजे सव्वादोन दशांश मीटरची चूक होते, म्हणून एका धावेवरून निष्कर्ष काढू नये. तीन धावांची सरासरी घ्यावी. ही मर्यादा मुलांनीच हिशेब करून शोधली तर उत्तम. पूर्ण उडीचे चित्रण सगळ्या वर्गाला दाखवण्याचा उत्साह मात्र आवरावा. मुले उडी पाहत नाहीत, चेहरा पाहतात आणि हसतात. चित्रण ज्याचे त्यालाच दाखवावे, एकच गोष्ट पाहण्यासाठी, आणि मग पुसून टाकावे.

हे सर्व मऊ वाळूचा खड्डा असेल तरच, हे सांगायला हवे. पटांगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेल्या शाळांनी तिथे धावत येऊन उडी मारायला लावू नये. अशा ठिकाणी फक्त धाव आणि पट्ट्यात पाय टाकणे एवढाच सराव करावा, उडी न मारता पुढे पळत जावे. पावलांचे निम्मे काम तिथेही होते. खड्डा असेल तर पावसाळ्यानंतर वाळू खणून मोकळी करणे हे टेप शोधण्याआधीचे काम आहे.

आकड्याचेही एक स्थान आहे, ते आम्ही नाकारत नाही. १९६८मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमनने ८.९० मीटर उडी मारली, तेव्हा आधीचा विक्रम ८.३५ मीटर होता. मोजण्याचे नवे यंत्र तेवढ्या अंतरापर्यंत सरकेना, म्हणून साधी टेप आणावी लागली. फलकावर आकडा लागला तरी बीमनला काही कळेना, कारण त्याला मीटरची सवय नव्हती. २९ फुटांच्या वर गेलास, असे सांगितल्यावर तो जागीच कोसळला. आकडा बरोबर होता. तो ऐकणाऱ्याच्या भाषेत नव्हता, एवढेच.

आपल्या मुलांना मीटर-सेंटिमीटर कळतात, पण 'तीन बेचाळीस' ऐकून पुढच्या धावेत काय बदलायचे, ते कळत नाही. तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला दोन-तीन आठवडे उरले, की पट्टा हळूहळू अरुंद करावा : ६० सें.मी., मग ४०, मग २० सें.मी.ची फळी. तेव्हा नियमाप्रमाणे टेप, तीन उड्या, फुल्या, सगळे यावे. तक्ताही तोच वापरावा. फक्त प्रत्येक उडीच्या रकान्याशेजारी एक लहान रकाना वाढवावा आणि त्यात बूट किती मागे किंवा किती पुढे पडला, ते लिहावे. फाऊल झालेल्या उडीचेही अंतर बुटापासून मोजून, कंसात, त्याच ओळीत नोंदवावे.